मेन बंद, चकती चालू

पाच वाजून चार मिनिटं झाली तरी वडिलांचं रीडिंग आलं नव्हतं. ओट्याला पाठ टेकून ती उभी होती, कडेवर सात महिन्यांची मुलगी आणि मुठीत फोन. मुलीला फोनचा कोपरा तोंडात घालायचा होता, तिला तो सोडवायचा होता, आणि दोघीही हट्टाला पेटल्या होत्या. सहाव्या मिनिटाला फोन थरथरला.

"सकाळ १००. संध्याकाळ ६२. वापर ३८. चाललो १७ किमी. गुडघा ठीक. छाती ठीक."

दुसऱ्या कोणाला हे वीज कार्यालयातलं टिपण वाटलं असतं. तिच्यासाठी ते वडिलांचं पत्र होतं. चौतीस वर्षं त्यांनी घरोघरी जाऊन विजेचे मीटर वाचले. जिन्याखालच्या अंधारात, बूट ठेवण्याच्या फळीमागे, कुत्र्याच्या साखळीच्या जेमतेम बाहेर उभं राहून, बॅटरीचा झोत टाकून आकडा वाचायचा, लिहायचा आणि पुढचं दार. माणसांची नावं त्यांच्या लक्षात राहत नसत. पण कोणत्या घरात कोणता मीटर, तो संथ की उतावळा, हे झोपेतून उठवून विचारलं तरी सांगतील. तिच्या बाळंतपणात दवाखान्याच्या बाकावर बसून त्यांनी दोन कळांमधलं अंतर तळहातावर लिहून ठेवलं होतं आणि दर अर्ध्या तासाने नर्सला ते वाचून दाखवत होते. शेवटी नर्स म्हणाली, काका, हात धुवा आता, नात बघायची आहे ना.

आठ महिन्यांपूर्वी ते निवृत्त झाले आणि महिनाभरात डोंगरातल्या बारा दिवसांच्या पायवाटेचा नकाशा घेऊन आले. एवढं चाललो, म्हणाले, की पृथ्वीला फेरी झाली असेल. पण वॉर्डाच्या बाहेर पाऊल नाही. दोन वर्षांपूर्वी हृदयात जाळी बसवलेला माणूस, तोही एकटा. तिने रडून पाहिलं, डॉक्टरांना मध्ये घातलं. डॉक्टर उलटे खूश झाले. तेव्हा तिने एकच अट घातली. फोन रात्रंदिवस चालू ठेवायचा आणि त्यावरून तुम्ही कुठे आहात ते मला इथे बसून दिसलं पाहिजे. तिने स्वतःच फोनमध्ये ती सोय चालू करून दिली, दोन वेळा पूर्ण भरून देईल अशी पॉवर बँक पिशवीत घातली, आणि नकाशावरचं निळं टिंब एकदा अंगणात, एकदा कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत पाठवून तपासून घेतलं.

पहिले सहा दिवस ठीक गेले. रोज मुक्कामाला वीज होती. सहाव्या दिवशी पॉवर बँक फुगली, पावासारखी. ती तिथेच सोडून द्यावी लागली. आणि पुढचे चार दिवस वरच्या भागात वीज नव्हती. शंभर टक्के, चार दिवस. हिशोब पोरालाही यावा असा होता: दिवसाला पंचवीस. पहिल्याच दिवशी अडतीस गेले होते.

"थंडीत बॅटरी लवकर उतरते," नवरा म्हणाला. तो शाळेत गणित शिकवायचा आणि कोणत्याही संकटावर आधी सरासरी काढायचा. "ते मोज्यात गुंडाळून पोटाशी घेऊन झोपतात ना? मग झालं तर."

"झालं काय? बासष्ट राहिले आणि तीन दिवस आहेत."

"म्हणजे दिवसाला वीस. बाबा करतील बरोबर. तू दिवसाला किती करतेस ते सांग."

"मी काय केलं?"

"काही नाही. काळजी."

तिने मुलीला त्याच्याकडे दिलं, न्हाणीघरात गेली, कडी लावली आणि नकाशा उघडला. टिंब हलत नव्हतं. पाच वाजून गेल्यावर ते हलू नये हेच बरोबर होतं. तरी तिने दोनदा पाहिलं.

दुसऱ्या दिवशी रीडिंगऐवजी पाच वाजता फोनच आला. वारा एवढा होता की वडील पिंपात बसून बोलताहेत असं वाटत होतं. मिनिटभर बोलतो, म्हणाले, इथे कड्यावर रेंज आहे, पुढे नाही. एकोणतीस उरले आहेत.

"एकोणतीस? बाबा, तुम्ही फोटो काढताय का?"

"एक नाही काढला. आज मी तपासणी केली. दुपारी एका दगडावर तासभर बसलो. सगळं बंद केलं, फोन नुसता समोर ठेवला. हात लावला नाही. तासात चार उतरले." त्यांचा आवाज शांत होता, कोणाच्या जिन्याखाली उभं राहून घरमालकाला समजावतात तसा. "मेन बंद, तरी मीटरची चकती फिरते. असं झालं की घरात दोष नसतो गं. कुठून तरी वायर गेलेली असते. कोणीतरी ओढत असतं."

"कोण ओढणार तिथे डोंगरात?"

"तेच," ते म्हणाले. "बरं, छोटी झोपते का नीट दुपारची?"

"झोपते. एक ते तीन."

"हं," वडील म्हणाले, आणि फोन बंद झाला.

चोराच्या मनात चांदणं म्हणतात, तसं काही तिच्या मनात आधी नव्हतंच. चांदणं पडलं ते त्या फोननंतर. तिने ती सोय उघडून बारीक अक्षरातला मजकूर वाचला, जो ती महिन्यापूर्वी न वाचता खाली सरकवून 'मान्य आहे' दाबून आली होती. तिथे साध्या शब्दांत लिहिलं होतं. आपण ज्याचं ठिकाण पाहतो त्याचा फोन प्रत्येक वेळी जागा होतो, आकाशातले उपग्रह शोधतो आणि ताजं ठिकाण पाठवतो.

प्रत्येक वेळी.

तिने आपल्याच फोनवर पाहिलं की दिवसभरात आपण काय काय किती वेळा उघडलं. नकाशा: एकाहत्तर वेळा. त्यातल्या निम्म्याहून अधिक वेळा एक ते तीनमध्ये, मुलगी झोपलेली असताना, घर शांत असताना, जेव्हा तिला दुसरं काही सुचत नसे. आदल्या दिवशी चौसष्ट. ती कॉलेजात शिकलेली, पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत थेंब मोजून काम करणारी बाई. बाळंतपणाच्या रजेवर असली म्हणून डोकं रजेवर नव्हतं. आणि गेले आठ दिवस ती वडिलांच्या खिशातली वीज इथे बसून पीत होती, वर त्यांना विचारत होती की फोटो काढताय का.

तिने नवऱ्याला सांगितलं. तो आधी हसला, मग तिचा चेहरा बघून थांबला.

"कुंपणच शेत खातंय म्हणायचं," एवढंच म्हणाला. मग म्हणाला, कळव त्यांना, ती सोय बंद करा म्हणावं.

तिने कळवलं. मेसेजखाली एकच खूण उमटली, दुसरी उमटेना. वडील कड्यावरून उतरून गेले होते. आता उद्या संध्याकाळी शेवटच्या मुक्कामघराशी पोचेपर्यंत रेंज मिळाली तर मिळाली. परवा खिंड ओलांडली की पलीकडे वीज. उद्याचा दिवस आणि परवाचा चढ, एकोणतीस टक्क्यांवर. रात्रीची थंडी त्यातलेही पाच-सहा खाणार. बंद करायचं बटण त्यांच्याकडे होतं, पण खरं बटण तिच्या हातात होतं. बघायचं नाही. बस्स.

सकाळी तिने फोन कपाटात ठेवला, किल्ली नवऱ्याला दिली आणि शाळेत घेऊन जा म्हणाली. दाराशी पोचेपर्यंत परत मागून घेतली. वडिलांचा फोन आला तर? मग फोन आवाज मोठा करून फडताळाच्या सगळ्यात वरच्या फळीवर गेला, जिथे स्टुलावर चढल्याशिवाय हात पोचत नाही.

घरकाम अशा दिवशी कमी पडतं. तिने मुलीचे धुतलेले कपडे परत धुतले. खिडकीच्या जाळ्या पुसल्या. मुलीला भरवताना ती डोंगर मोजत होती: आता निघाले असतील, आता पहिली चढण, आता पाणी भरायला थांबले असतील. आकाश इथे कोरं होतं, पण इथल्या आकाशावरून तिथलं काय कळणार. एकच्या सुमारास मुलगी झोपली. रोजची वेळ. स्टूल ओट्याखाली होतं. ते तिने बाहेर काढलं, त्यावर चढली नाही, बसली. नुसती बसून राहिली, हात मांड्यांखाली घालून. एक ते तीन एवढे लांब असतात हे तिला माहीत नव्हतं. तीनला मुलगी उठून रडू लागली तेव्हा तिला इतकं हायसं वाटलं की तिने रडणाऱ्या पोरीचे आभार मानले.

पाच वाजले. फोन खाली आला. रीडिंग नाही.

सव्वापाच. साडेपाच. कालच्या मेसेजखाली अजून एकच खूण. नवरा घरी आला होता. त्याने सांगून पाहिलं की रेंज नसेल, उशीर झाला असेल, साठीचा माणूस आहे, चालतोय, गाडीत बसलेला नाही. ती ऐकत होती आणि मुक्कामघराचा नंबर शोधत होती. तिथे वर उपग्रहावर चालणारा एक फोन होता, स्वतःपुरत्या सोलरवर. तो मुक्कामघर चालवणाऱ्या बाईंनी उचलला. आवाज खरखरीत, पण बाई घाईच्या नव्हत्या.

चौघं जण येऊन पोचले होते. त्यात वडील नव्हते. बाईंनी फोन न ठेवताच त्या चौघांना विचारलं. होय, एक म्हातारबुवा दिसले होते दुपारी, वाटेच्या कडेला बसून बुटाची नाडी बांधत होते. आम्हाला म्हणाले, व्हा पुढे. त्याला आता चार तास झाले. आणि तासाभरापासून धुकं उतरलं होतं.

"ताई, माझ्याकडे दोन माणसं आहेत," बाई म्हणाल्या. "पण वाटा दोन आहेत. एक वरून धारेची, एक खाली ओढ्याकडची. उजेड आहे तासाभराचा. एकच वाट बघून होईल. तुमच्याकडे त्यांचं ठिकाण कळायची काही सोय आहे का? हल्ली असते लोकांकडे."

तिने ओट्यावरच्या आपल्या फोनकडे पाहिलं.

"ताई?"

"आहे," ती म्हणाली. "पण बघितलं की त्यांची बॅटरी उतरते."

आपण काय बोललो ते तिला बोलल्यावर ऐकू आलं. सकाळपासून जे पुण्य म्हणून जपलं होतं ते बाहेर आल्यावर असं दिसत होतं. पण हिशोब खोटा नव्हता. थंडीने उतरून फोनमध्ये चार-पाच टक्केच राहिले असतील तर बघणं एकच होणार होतं. त्या एका बघण्यात टिंब आलं नाही आणि फोन मेला, तर वडिलांकडे हाक मारायलाही काही उरणार नव्हतं. आणि ते नुसते हळूहळू चालत येत असतील तर? धुक्यात फोनचा उजेड लागला तर?

"उघड," नवरा हळूच म्हणाला. बाईंशी बोलणं तिने त्याच्या फोनवर चालूच ठेवलं होतं. त्याने तो फोन तिच्या कानाशी धरला, दुसऱ्या हाताने मुलगी सांभाळली.

तिने आपल्या फोनवर नकाशा उघडला.

आधी जुनं टिंब दिसलं, करडं, काल दुपारी दोन पन्नासचं. त्याच्याखाली शब्द: शोधत आहे. एक चक्र फिरू लागलं. तिला वाटलं, हे फिरतंय तेवढं तिकडे उतरतंय. बंद करावं. बोट काचेपर्यंत गेलं आणि तिने ते मागे घेतलं. मुलीने तिच्या केसांची बट धरून ओढली, ती तशीच ओढलेली मान घेऊन बघत राहिली. मिनिट झालं. दुसरं अर्धं झालं.

टिंब निळं झालं आणि उडी मारून सरकलं. बॅटरी: ३.

ते वाटेवर नव्हतं. दोन्ही वाटांवर नव्हतं. धारेच्या वाटेखाली, ओढ्याच्याही वर, मधल्या उतारावर ते एकटं उभं होतं. तिने त्यावर बोट टेकवलं, आकड्यांची लांबच लांब ओळ उघडली आणि वाचायला लागली. वडील लहानपणी तिला कधीमधी फेरीवर बरोबर न्यायचे, तेव्हा शिकवायचे: आकडा दोनदा वाचायचा, एकदा डोळ्याने, एकदा तोंडाने, आणि समोरच्याकडून परत म्हणवून घ्यायचा. तिने एकेक आकडा सुटा सुटा वाचला. बाईंनी परत म्हटला. एके ठिकाणी बाई सहा म्हणाल्या, ती नऊ म्हणाली, पुन्हा पहिल्यापासून. शेवटचा आकडा जुळला तेव्हा टिंब करडं झालं होतं. खाली लिहिलं होतं: शेवटचं दिसलं ६.०८.

"समजली जागा," बाई म्हणाल्या. "सुट्या दगडांचा घसारा आहे तिथे. पोरं निघाली." आणि लाइन तुटली.

पुढचा दीड तास कसा गेला हे तिला नंतर कोणी विचारलं तर सांगता आलं नसतं. मुलीला पाजलं, एवढं आठवत होतं. नवरा एकदाही सरासरी बोलला नाही, हेही आठवत होतं. तिने नकाशा पुन्हा उघडला नाही. आता बघितल्याने कोणाचं काही उतरणार नव्हतं, आणि म्हणूनच बघवत नव्हतं.

पावणेआठला फोन वाजला. बाई होत्या. सापडले, म्हणाल्या, बसलेले होते, शुद्धीत आहेत, घोटा सुजलाय, बाकी काही नाही. थांबा, देते त्यांना.

"छाती ठीक," वडील म्हणाले. हे पहिलं वाक्य. मग थोडं थांबून, "गुडघाही ठीक. घोटा नाही."

पुढचंही त्यांनीच सांगितलं, तुकड्या-तुकड्याने, नेहमीच्या आवाजात. पाणी भरायला वाट सोडून खाली उतरले, दगड सुटले, ते दगडांबरोबर गेले. खाली रेंज नव्हती. डोक्यावर पुरुषभर उंच एक शिळा होती, फोन हात लांब करून वर धरला की तिच्याजवळ रेंजची एक काडी उमटायची. मेसेज लिहिला, फोन म्हणाला पाठवता आला नाही. परत दाबायचा तर फोन हातात हवा, आणि हातात घेतला की काडी गेली. असं तीनदा झालं. रेंज शोधण्यात पंधरा गेले. तेव्हा त्यांनी फोन मोज्यात घातला आणि चालायच्या काठीने ढकलत ढकलत त्या शिळेवर नेऊन ठेवला. फोन वर, ते खाली. हात पोचणार नाही असा.

"मग?" ती म्हणाली.

"मग काय. बसलो. म्हटलं, आपल्याला पाठवता येत नाही, पण ओढणारं माणूस आहे ना तिकडे. ते ओढेल."

"तुम्हाला माहीत होतं."

"पहिल्याच दिवशी. एक ते तीन वापर जास्त. छोटी झोपते तेव्हा. मीटर खोटं बोलत नाही, बाळा."

"मग बोलला का नाहीत मला? काल फोनवर तरी?"

"एवढ्यासाठी कोणी कोणाची वायर कापतं का."

ती रडू लागली, पण आवाज न करता. वडिलांना रडणं ऐकू गेलं की ते गप्प बसतात आणि त्यांचं गप्प बसणं महागाच्या फोनवर परवडणारं नव्हतं. मात्र ते तसेही गप्पच बसले. बोलले तेव्हा आवाज त्यांचा नव्हता, म्हणजे आकडे सांगतानाचा नव्हता.

"आज सकाळपासून मी बघत होतो. आकडा उतरतच नव्हता. एक वाजला, दोन वाजले, तीन. एका ठिकाणी उभा. आधी बरं वाटलं, म्हटलं पोरगी शहाणी झाली." ते थांबले. "पडलो त्यानंतर मग ते आठवायला लागलं. की आज हिने बघणं सोडलंय. तेव्हा जरा… वेळ लांबला."

चौतीस वर्षांत कुत्र्यांनी चावलेला, शॉक बसलेला, छातीत कळ आली तरी चालत दवाखान्यात गेलेला माणूस. 'घाबरलो' हा शब्द त्यांच्याजवळ नव्हताच. वेळ लांबला, एवढाच होता.

"मी फडताळावर ठेवला होता फोन," ती म्हणाली. "तुमची बॅटरी वाचावी म्हणून."

"वाचली की. नाहीतर सहा वाजेपर्यंत टिकला असता का?" ते म्हणाले. मग लगेच, जणू पुढचं दार आलं, त्यांनी सांगितलं की उद्या सकाळी सामान घेऊन आलेली खेचरं खाली उतरतात, त्यांच्याबरोबर तेही उतरतील. गाडी रस्त्याला मिळेल. नवऱ्याने घ्यायला येऊ नये, शाळा बुडवू नये.

"आणि खिंड?"

"राहिली."

"घोटा बरा झाला की. पुढच्या वर्षी, बाबा. मी काही म्हणणार नाही."

"बघू," ते म्हणाले, आणि फोन बाईंच्या हातात गेला.

बाईंना तिने बारीकसारीक सगळं विचारून घेतलं. पाय बांधला का, गोळ्या घेतल्या का, रात्री कोणी जवळ झोपेल का. बाईंनी सगळ्याला होय म्हटलं. एकच कटकट आहे, म्हणाल्या. आत शेकोटी आहे, आत या म्हणून तिघांनी सांगितलं, पण उंबऱ्यावर जाऊन बसलेत, पाय लांब करून. इथे वारा आहे.

"काय करतायत?"

"काही नाही. वर खिंडीकडे बघतायत."

"दिसते का तिथून?"

"एरवी दिसते समोर," बाई म्हणाल्या. "आत्ता धुकं आहे, अंधारही झालाय. काही दिसत नाही." आणि थोड्या वेळाने, दाराकडे बघून आल्यासारख्या, "बघतायत तरी."